शोमरोनी स्त्री आणि पंडिता रमाबाई

बायबलमधील स्त्रीकथांत पापाचा विचार सत्तेच्या विचारापासून वेगळा काढता येत नाही. योहानकृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्री परंपरेने ‘पतिता’ ठरविली गेली. तिचे पाच पती होऊन गेले आणि सध्याचा पुरुष तिचा पती नव्हे, एवढेच मूळ कथा सांगते. ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या २४ व्या अध्यायात सूटपत्र लिहून देणारा पुरुषच आहे. तेव्हा ती वारंवार विधवा झाली की टाकली गेली, हा प्रश्न जुन्या भाष्यकारांना फारसा पडला नाही. येशू मात्र तिला शिक्षा सांगत नाही. गावाला त्याची वार्ता तीच देते.

१८८३ साली इंग्लंडमधील फुलहॅम येथे ‘पतित’ स्त्रियांसाठी चाललेले कार्य पाहून रमाबाईंनी त्यामागील प्रेरणा विचारली, तेव्हा एका धर्मभगिनीने हीच कथा त्यांना वाचून दाखविली. या प्रसंगाकडे केवळ धर्मांतराचे निमित्त म्हणून पाहणे अपुरे होय. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अशा स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ उभे राहिले. रमाबाईंचे सुबोध मराठी बायबल त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. त्याचे खिळे मुक्तीच्या छापखान्यात आश्रित स्त्रियांनीच जुळविले होते.