एक भुताचा, एक भांडणाचा

जुलैमध्ये लेकीला घेऊन कोपरीला गेले होते. ठाणे स्टेशनात पूर्वेच्या बाजूला उतरले की कोपरी लागते. खाडीकाठचे हे जुने गाव. फाळणीनंतर येथे सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि आता तर इमारतीला इमारत खेटून उभी आहे. तेथे माझी धाकटी बहीण राहते. लेकीला डोंबिवलीचे एक स्थळ सांगून आले होते आणि शनिवारी मुलाकडे जायचे ठरले होते. पण शुक्रवारी रात्री पाऊस जो लागला तो थांबेना. रुळांवर पाणी साचले, लोकलगाड्या बंद पडल्या. मुलाच्या वडिलांचा फोन आला, "घाई करू नका, सोमवारी या." बहिणीचे यजमान कामावरच अडकले. दोन खोल्यांत आम्ही सहा माणसे आणि बाहेर धो धो पाऊस.

भाच्याने टीव्ही लावला. त्याला रक्ताचा चित्रपट हवा होता, माझ्या लेकीला हसण्याचा. बहीण म्हणाली, "आज एक बघा, उद्या एक. भांडू नका."

भाचा कॉलेजात जातो आणि चित्रपटांचे त्याचे ज्ञान अभ्यासापेक्षा पक्के आहे. हातात सुरा घेतलेला एक खुनी आणि एकामागून एक मरणारी माणसे, अशा कापाकापीच्या चित्रपटांची म्हणे वेगळी जातच आहे. त्यांचे मूळ १९६० सालच्या हिचकॉक यांच्या 'सायको'त. त्यात न्हाणीघरातल्या खुनात जे रक्त वाहते, तो चॉकलेटचा पाक होता. चित्रपट काळापांढरा, म्हणून खपून गेले. पुढे १९७८ साली 'हॅलोविन' आला आणि मुखवटा घातलेल्या खुन्यांचा रतीबच सुरू झाला. १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले'मध्ये खुन्याचा आत्मा बाहुल्यात शिरतो. हे ऐकल्यावर मी म्हटले, "अरे, हा तर आपला तात्या विंचू!" तसेच निघाले. महेश कोठारे यांचा १९९३ चा 'झपाटलेला' त्याच कल्पनेवर बेतलेला. पण आपल्याकडे येताना त्यात लक्ष्मीकांत बेर्डे आले, दिलीप प्रभावळकर आले, रामदास पाध्ये यांचा बाहुला आला. आमच्या गावच्या जत्रेत तो दाखवला तेव्हा पोरे एका डोळ्याने भीत होती आणि दुसऱ्याने हसत होती. नुसती कापाकापी आपल्या माणसाला पचत नाही, तोंडी लावायला हसू लागते, असे माझे मत.

शनिवारी रात्री लावला तो मात्र हसण्याचा नव्हता. विशाल फुरिया यांचा २०१७ चा 'लपाछपी'. यात कापाकापी कमी आणि भुते जास्त, अशी भाच्याची तक्रार होती. देणेकऱ्यांच्या तगाद्याने शहरातले एक जोडपे पळते आणि ड्रायव्हरच्या गावी, उसाने वेढलेल्या घरात येऊन लपते. बाईचे दिवस भरत आलेले. ती पूजा सावंत हिने केली आहे, आणि ड्रायव्हरची बायको तुळसाबाई उषा नाईक यांनी. उषाताईंचे नुसते बघणेच असे की अंगावर काटा यावा.

आम्ही मायलेकी कऱ्हाडकडच्या, उसातच वाढलेल्या. सुरुवातीला आम्हाला भीती वाटेना. उसात वाट चुकते हे कबूल. चार सऱ्या आत गेले की आभाळाशिवाय काही दिसत नाही. पण उसातून धावले की पाते हात कसे चिरते, ते लेकीने बाही वर करून मावशीला दाखवले. रात्रीची लाइट असली की आमचे हे पाणी पाजायला फडात जातात. तेव्हा घरात कोणी भुताचे नाव काढत नाही. बिबट्याचे काढतात.

पण चित्रपट पुढे सरकला तशी आमची बडबड थांबली. सगळा उलगडा येथे सांगत नाही. ती भुते त्या फडात का आली, याचे उत्तर मुलीच्या जन्माशी येऊन थांबते, एवढेच सांगते.

बहिणीच्या सासूबाई, त्यांना आम्ही सगळे आजी म्हणतो, मागे खाटेवर माळ ओढत बसल्या होत्या. "कसलं मेलं बघता," असे दोनदा म्हणाल्याही. आता माळ थांबली होती. बहिणीला पहिली मुलगी झाली तेव्हा आजी दवाखान्यात गेल्या नव्हत्या. बारशालाही पाय दुखतात म्हणून घरीच राहिल्या. ती नात आता नर्स आहे आणि आजीच्या गोळ्या तीच मोजून देते. त्या रात्री ती आजीच्या पायाशीच बसली होती.

चित्रपट संपल्यावर आजी म्हणाल्या, "उसाला कशाला नावं ठेवायची? माणसं करत होती." मग थोड्या वेळाने बहिणीकडे न बघता, "मी तेव्हा यायला पाहिजे होतं गं."

बहीण काही बोलली नाही. रात्रीचे अकरा वाजले होते, तिने चहा ठेवला.

मला झोप आली नाही. हा चित्रपट लागला त्याच वर्षी मार्चमध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला पुरलेले १९ भ्रूण सापडले होते. म्हैसाळ म्हणजे आमच्यासारखाच उसाचा मुलूख. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा कायदा देशात सर्वांत आधी आपल्या महाराष्ट्राने केला, १९८८ साली. देशाचा १९९४ साली झाला. तरीही सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे राज्यात २००१ साली ९१३ मुली होत्या, त्या २०११ च्या शिरगणतीत ८९४ झाल्या. तात्या विंचूला बघून पोरे हसतात. या आकड्यातल्या खुन्याला मुखवटा नाही आणि सुराही नाही, तो हळदीकुंकवाला आपल्या शेजारी बसतो.

रविवारी लेकीची पाळी. सतीश राजवाडे यांचा २०१० चा 'मुंबई-पुणे-मुंबई'. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी या दोघांवरच सगळा चित्रपट चालतो आणि आख्ख्या चित्रपटात दोघांना नावे नाहीत. मुंबईची मुलगी स्थळ बघायला एकटी पुण्याला येते, एका पुणेकराशी गाठ पडते आणि दिवसभर दोघे आपापल्या गावावरून भांडतात. भाचा जांभया देत होता. बहिणीला फार आवडला. आजींचे मत, "बोलतात फार, पण कुणाला मारत तरी नाहीत." मला वाटले, एवढे फिरतात तर दोघांच्या घरी काही कामे नाहीत काय? पुढे त्याचे आणखी दोन भाग निघाले, म्हणजे लोकांना हे भांडण गोड लागले असणार.

लेक मात्र हसता हसता गप्प झाली होती. संध्याकाळी भाजी निवडताना म्हणाली, "आई, मलाही मुलाशी एकटीनं बोलायचंय. दिवसभर नको, तासभर पुरे."

घरी फोन लावला. हे म्हणाले, "आपल्यात असं करतात का? लोक काय म्हणतील?" मी म्हटले, "वीस गुंठे घ्यायचे तर तुम्ही सातबारा तीनदा बघता, विहिरीचं पाणी भर उन्हाळ्यात जाऊन बघता. आणि पोरीला पोह्याची बशी ठेवून यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात बघायला सांगता." पलीकडे बराच वेळ नुसता पावसाचा आवाज. मग म्हणाले, "तासभरच. आणि तू जवळपास राहा."

सोमवारी गाड्या सुरू झाल्या. डोंबिवलीला पोहे झाल्यावर मीच विषय काढला. मुलाची आई जरा बिचकली, पण नाही म्हणाली नाही. दोघे गच्चीवर गेली. आम्ही खाली घड्याळाकडे बघत पावसापाण्याचे बोलत राहिलो. तासाचा सव्वा तास झाला.

परतताना लोकलमध्ये लेकीला विचारले, "काय बोललात?"

"उसात कधी गेलाय का विचारलं. म्हणाला, नाही, रस पितो फक्त."

"आणि?"

"आणि मुलगीच झाली तर, हेही विचारलं."

"अगं बाई! मग काय म्हणाला?"

"आधी लाजला. मग म्हणाला, मुलगी झाली तर नाव तुम्ही ठेवा." खिडकीबाहेर कळव्याची खाडी दुथडी भरली होती. "मी अजून हो म्हटलेलं नाही आई. पुढच्या रविवारी परत बोलणार आहे."