नाताळचा माध्यम-उपक्रम : कॅमेऱ्याआधी विचार

नाताळ जवळ आला की धर्मग्रामांतील युवक-युवती लघुपट वा श्राव्यनाट्य करण्याचा संकल्प सोडतात. पुष्कळदा कॅमेरा आधी हाती येतो व विचार मागाहून सुचतो. म्हणून नियोजनाविषयी थोडे लिहावे असे आम्हांस वाटते.

पहिला प्रश्न असा : हे कोणासाठी? १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांच्याकडे नवख्रिस्ती लोकांनी जुन्या पुराणांच्या जागी वाचण्याजोगे काही मागितले. ती मागणी ऐकून त्यांनी ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रचले. १६१६ साली ते राशोल येथे छापले गेले. आधी ऐकणे, मग रचणे, हा धडा आजही लागू आहे.

लोह्यासारख्या तालुक्यात हा प्रश्न अधिक निकडीचा ठरतो. मराठवाड्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात व उन्हाळ्याच्या तोंडी परततात. नाताळच्या रात्री ती फडाजवळच्या कोपीत असतात. चर्चमधील पडद्यावरचा लघुपट त्यांना कसा दिसणार? दहा मिनिटांचे श्राव्यनाट्य मात्र मोबाईलवर सहज पोहोचते.

दुसरी पायरी विचारमंथनाची. सर्वांनी गोलाकार बसावे. प्रत्येकाने एक कल्पना मांडावी. सर्व कल्पना फळ्यावर लिहून होईपर्यंत कोणीही कोणास खोडू नये. लहानांना आधी बोलू द्यावे, कारण वडीलधारी बोलल्यावर लहान गप्प होतात. त्यानंतर निवड करावी. उदाहरणार्थ, नावनोंदणीसाठी घर सोडून निघालेले योसेफ व मरिया आणि तोडीला निघालेले कुटुंब यांतील साम्य एखाद्याला सुचेल. माळेगावच्या यात्रेत वाघ्या-मुरळी ऐकत वाढलेल्या श्रोत्यांना सवाल-जबाबाचा बाजही परका वाटणार नाही. मात्र कोणाच्या दारिद्र्याचे प्रदर्शन होऊ नये. ज्यांची कथा सांगावयाची त्यांना आधी विचारावे, संहिता वाचून दाखवावी, संमती घ्यावी.

तिसरी पायरी लहान प्रयोगाची. मुंबईत ख्रिस्तजीवनावरील चित्रपट पाहून प्रेरित झालेल्या दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) करण्यापूर्वी वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली व ती दाखवून भांडवल उभे केले. आपणही आधी दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण करून चार घरी ऐकवावे. शब्द कळले का, मन हलले का, हे तेव्हाच समजते. त्यानंतर खर्च, जबाबदाऱ्या व तारखा लिहून धर्मगुरूंना दाखवाव्यात.

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६३ साली 'इंटर मिरिफिका' या आदेशपत्रात संपर्कमाध्यमांना सुवार्तेच्या सेवेत आणण्याचे आवाहन केले. बेथलेहेमची वार्ता प्रथम रानात राहणाऱ्या मेंढपाळांनाच मिळाली. या नाताळला ती कोपीतील आपल्या बंधुभगिनींपर्यंत पोहोचो, हीच प्रार्थना.