व्यायामविषयक प्रकाशनांचे नामकरण : एक अर्थविचार

१

व्यायामाचे साधन विकणे आणि व्यायामाची माहिती विकणे हे दोन भिन्न व्यवहार आहेत. मुद्गल विकत घेणारा तो उचलून पाहतो. त्याचे वजन, लाकूड आणि मूठ यांची पारख दुकानातच होते. व्यायामाचे पुस्तक, टपालाने येणारा पाठ्यक्रम, भिंतीवरचा तक्ता किंवा अलीकडे मोबाइलवर मिळणारे ॲप यांची गोष्ट निराळी आहे. त्यांतील माहिती उपयोगी की निरुपयोगी हे ती विकत घेऊन काही महिने आचरल्यावरच कळते. त्यामुळे अशा वस्तूचे नाव हेच पुष्कळ अंशी तिचे दर्शनी रूप ठरते, आणि नामकरणाचा प्रश्न केवळ जाहिरातदाराचा न राहता अर्थविचाराचाही होतो.

अशा नावाकडून दोन कामांची अपेक्षा असते. वस्तू कशाची आहे हे त्याने सांगावे. आणि ती तिच्या जातीच्या इतर वस्तूंहून निराळी आहे हेही त्याने दाखवावे. ही कामे परस्परविरोधी आहेत. नाव जितके अधिक सांगते तितके ते कोणालाही लावता येते; जितके कमी सांगते तितके ते एकट्याचे राहते, परंतु ग्राहकाला त्यावरून काही बोध होत नाही. या विरोधाची दखल कायद्यानेही घेतली आहे. भारतातील १९९९ च्या व्यापारचिन्ह अधिनियमाच्या कलम ९ नुसार, केवळ वस्तूचा प्रकार, गुण, प्रमाण किंवा हेतू दर्शविणाऱ्या चिन्हाची नोंदणी नाकारली जाते. मात्र अर्जापूर्वीच्या वापराने त्या चिन्हाला वेगळेपण प्राप्त झाले असेल तर ती होऊ शकते.

२

या विरोधाचे विश्लेषण करण्यासाठी लागणारी परिभाषा आपल्या शास्त्रपरंपरेत तयार आहे. ज्याचा अर्थ अवयवांच्या अर्थावरून सिद्ध होतो तो शब्द यौगिक. 'पाचक' म्हणजे शिजविणारा. जो जो शिजवील तो तो पाचक. ज्याच्या अर्थाचा अवयवांशी संबंध लावता येत नाही तो रूढ, उदाहरणार्थ, 'घट'. 'पंकज' हा या दोहोंहून निराळा. चिखलात जन्मलेले ते पंकज, हा अवयवार्थ स्पष्ट आहे. तथापि चिखलात जन्मणाऱ्या शेवाळाला कोणी पंकज म्हणत नाही. अवयवार्थ कायम असून शब्द एकाच वस्तूपुरता नियत झाला आहे. असा शब्द योगरूढ होय.

विक्रीसाठी नाव शोधणाऱ्याला जे हवे असते ते नेमके हेच. यौगिक नाव सांगते परंतु वेगळे करीत नाही. रूढ नाव वेगळे करते परंतु सांगत नाही. योगरूढ नाव दोन्ही साधते. अडचण एवढीच की, शब्दाला योगरूढता जन्मतः लाभत नाही. ती भाषकसमूहाच्या वापराने येते आणि त्याच वापराने पुढे नष्टही होते. पुढील उदाहरणांतून हे स्पष्ट होईल.

३

डेन्मार्कचे जे. पी. म्यूलर यांचे 'मिट सिस्टेम' हे पुस्तक १९०४ साली प्रसिद्ध झाले. रोज पंधरा मिनिटांच्या व्यायामाचा हा क्रम 'माय सिस्टिम' या इंग्रजी नावाने, तसेच युरोपातील अन्य भाषांतून दूरवर पसरला. नाव म्हणून 'माझी पद्धती' हे शब्द जवळजवळ रिकामे आहेत. 'माझी' हे वक्तृसापेक्ष सर्वनाम. ते उच्चारील त्याचे ते होते. हे पुस्तक विकत घेणाऱ्याने 'मी माझी पद्धती करतो' असे म्हटले तर अर्थच पालटतो. ही रिकामी जागा भाषकांनी कर्त्याच्या नावाने भरून काढली. जर्मन भाषेत म्यूलर या आडनावावरून 'म्यूलर्न' असे क्रियापदच तयार झाले. कर्त्याने नावात जे सांगितले नाही ते लोकांनी स्वतः निर्माण केले.

जोसेफ पिलाटीज यांच्या बाबतीत याच प्रवृत्तीचा पुढचा टप्पा दिसतो. त्यांनी आपल्या पद्धतीला 'कंट्रॉलॉजी' हे नाव दिले होते. १९४५ च्या त्यांच्या पुस्तकाच्या शीर्षकातही तो शब्द आहे. 'कंट्रोल' या रुळलेल्या इंग्रजी शब्दाला शास्त्रवाचक ग्रीक प्रत्यय जोडून बनविलेला हा संकर अर्थदृष्ट्या निर्दोष होता. तरीही तो टिकला नाही. त्याने शास्त्राचा आव आणला, परंतु ते कशाचे शास्त्र याचा उलगडा केला नाही. १९६७ साली पिलाटीज निवर्तले. पद्धती त्यांच्या आडनावानेच ओळखली जाऊ लागली. त्या आडनावावरील व्यापारचिन्हाचा वाद न्यूयॉर्क येथील संघराज्यीय न्यायालयात गेला आणि 'पिलाटीज' हे एका व्यायामपद्धतीचे सामान्य नाव झाले आहे, सबब त्यावर कोणाचीही मालकी नाही, असा निर्णय २००० साली झाला. व्यक्तिनाम हे रूढ शब्दाचे टोकाचे उदाहरण होय. परंतु सार्वत्रिक वापराने तेही जातिवाचक झाले. नाव पूर्णपणे यशस्वी होणे म्हणजेच ते मालकाच्या हातून निसटणे, हा या व्यवहारातील मोठाच विरोधाभास आहे.

या दोहोंच्या मध्ये चार्ल्स ॲटलस यांच्या टपाली पाठ्यक्रमाचे नाव येते. ॲटलस यांचे मूळ नाव अँजेलो सिसिलियानो. पृथ्वी वा आकाश खांद्यावर तोलणाऱ्या पुराणपुरुषाची आठवण करून देणारे नाव त्यांनी घेतले. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्यांचे भागीदार चार्ल्स रोमन यांनी पाठ्यक्रमासाठी 'डायनॅमिक टेन्शन' हे नाव योजले. उपकरणाविना एका स्नायूला दुसऱ्याचा प्रतिकार करावयास लावणे हे या पद्धतीचे तत्त्व. नावातील दोन्ही शब्द इंग्रजी वाचकाला पृथक् ओळखीचे आहेत, परंतु त्यांच्या संयोगाचा अर्थ पाठ वाचल्यावाचून उलगडत नाही. येथे अवयवार्थ सूचनेपुरता राहतो आणि जिज्ञासा जागी ठेवतो. योगरूढतेची ही अनुकूल पूर्वावस्था होय. मात्र ही अनुकूलता भाषासापेक्ष आहे. मराठी बोलण्यात 'टेन्शन' म्हणजे चिंता. हेच नाव मराठी ग्राहकापुढे ठेवले, तर ज्या विकारातून सुटण्यासाठी तो व्यायामाकडे वळतो तोच विकार त्याला विकत दिल्यासारखे होईल.

४

अमेरिकेच्या हवाई दलातील वैद्य केनेथ कूपर यांचे 'एरोबिक्स' हे पुस्तक १९६८ साली निघाले. हवेवाचून न जगणाऱ्या सूक्ष्म जीवांसाठी पाश्चर यांनी एकोणिसाव्या शतकात घडविलेल्या संज्ञेतून 'एरोबिक' हे विशेषण आले होते. कूपर यांनी त्यातून व्यायामप्रकारांचे सामूहिक नाम केले. प्राणवायूचा विनियोग वाढविणारे चालणे, धावणे, पोहणे इत्यादी व्यायाम त्यांना अभिप्रेत होते. पुढे लोकव्यवहारात या शब्दाचा अर्थ संगीताच्या तालावरील सामूहिक कवायत असा संकोचला. १९६९ साली अमेरिकेतच जूडी शेपर्ड मिसेट यांनी सुरू केलेल्या नृत्यव्यायामाचे 'जॅझरसाइज' हे नाव अशा दुसऱ्या एका प्रवृत्तीचे निदर्शक आहे. 'एक्सरसाइज' या शब्दाचा तोडलेला उत्तरार्ध व्युत्पत्तीच्या दृष्टीने प्रत्यय नव्हे. तरी तो प्रत्ययासारखा वापरला गेला आणि त्याच साच्यावर इतर नावे पडू लागली. साचा लोकप्रिय झाला की त्यातून पडलेल्या प्रत्येक नावाचे वेगळेपण घटते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

५

संख्यायुक्त नावांचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. कारण तेथे नामकरणाचा परिणाम ज्ञानावर होतो.

औंधचे अधिपती भवानराव पंत प्रतिनिधी यांचे सूर्यनमस्कारांवरील इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनहून प्रसिद्ध झाले. तेथे मुख्य शीर्षक 'आरोग्याचा दशबिंदू मार्ग' अशा अर्थाचे देण्यात आले. 'सूर्यनमस्कार' हा मराठीत उत्तम योगरूढ शब्द आहे. सूर्याला हात जोडणारा प्रत्येक जण सूर्यनमस्कार घालतो असे नाही. मराठीत नमस्कार 'करणे' आणि नमस्कार 'घालणे' ही क्रियापदेही भिन्न आहेत. लंडनच्या वाचकाजवळ ही रूढी नव्हती. त्याच्यापुरता शब्द निव्वळ यौगिक, म्हणजे उपासनावाचक, राहिला असता. संख्येने ती जागा घेतली. ही संख्या वस्तुस्थितीला धरून होती, कारण औंधच्या पद्धतीत एका नमस्काराच्या दहा स्थिती मानलेल्या आहेत. कॅनडाच्या हवाई दलाच्या 'फाइव्ह-बी-एक्स' या पुरुषांसाठीच्या योजनेतील 'पाच' हा आकडाही पाच मूलभूत व्यायामांची गणना करतो. स्त्रियांसाठी असलेल्या 'एक्स-बी-एक्स' या नावात आरंभीचा 'एक्स' हा रोमन दहाचा अंक आणि अखेरचा 'एक्स' व्यायामवाचक आहे. एकच अक्षर दोन कामे करते.

याउलट, १९६५ साली जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजण्याच्या उपकरणाचे नाव 'मान-पो-केइ' असे होते. 'मान' म्हणजे दहा हजार, 'पो' म्हणजे पाऊल, 'केइ' म्हणजे मापक. येथील संख्या उपकरणातील कोणत्याही गोष्टीची गणना करीत नाही. ती वापरणाऱ्यापुढे ध्येय ठेवते. व्याकरणदृष्ट्या ती विशेषण आहे, व्यवहारात ती आज्ञा आहे. हे नाव योजताना दहा हजार पावलांची आवश्यकता सिद्ध करणारे संशोधन हाताशी नव्हते. पूर्णांकाचे आकर्षण आणि उच्चाराची सुलभता एवढ्या भांडवलावर तो आकडा जगभर आरोग्याचा नियम म्हणून मान्य झाला. आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा हजारांहून अधिक वृद्ध अमेरिकन स्त्रियांचा केलेला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात रोज सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्या स्त्रियांचा मृत्युदर सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा कमी आढळला; पावले वाढत गेली तसा तो आणखी घटला, परंतु सुमारे ७,५०० पावलांच्या पुढे विशेष घट दिसली नाही. म्हणजे पाच हजार पावले चालून 'आज काहीच झाले नाही' असे मानणाऱ्या वृद्धेचा समज वैद्यकाने नव्हे, तर एका नावाने घडविलेला आहे.

६

मराठीत व्यायामविषयक माहितीसाठी नाव शोधणाऱ्यापुढे कोणते शब्द आहेत? 'आरोग्य' हा शब्द मुळात अभाववाचक आहे. रोग नसणे हा त्याचा अवयवार्थ. म्हणून त्याने आरंभ होणाऱ्या नावाकडून वाचक औषधोपचाराची अपेक्षा करतो. 'तंदुरुस्ती' हा फारसीतून आलेला शब्द सुस्थित शरीराचा वाचक आहे. परंतु मराठीत 'दुरुस्ती' हा शब्द स्वतंत्रपणे जिवंत असल्यामुळे त्यातून शरीराची डागडुजी असाही अर्थ ऐकू येऊ शकतो. 'कसरत' चपळाईकडे आणि 'तारेवरची कसरत' या प्रयोगामुळे अवघड तोल सांभाळण्याकडे झुकते. 'फिटनेस' हा शब्द आता घरोघरी पोहोचला असला तरी वाहनाच्या प्रमाणपत्रातही तोच आहे. या सर्वांत 'तालीम' विशेष लक्षणीय होय. अरबीत तिचा अर्थ शिक्षण; मराठीत ती व्यायामाची जागा, व्यायामाचा सराव आणि नाटकाचीही पूर्वतयारी झाली. व्यायाम आणि त्याचे ज्ञान हे दोन्ही अर्थ एका शब्दात पूर्वीच एकत्र आलेले आहेत.

बडोद्याहून १९३६ पासून खंडशः निघालेल्या 'व्यायाम ज्ञानकोशा'चे नाव पूर्णतः यौगिक आहे. तेथे ते उचितही होते. कारण त्या विषयावर तसा दुसरा कोश नव्हता, आणि केतकरांच्या कार्यामुळे 'ज्ञानकोश' या शब्दाला प्रतिष्ठा लाभलेली होती. ज्या क्षेत्रात वस्तू एकच असते तेथे यौगिक नाव पुरते. वस्तू अनेक झाल्या की ते अपुरे पडते. उलट टोकाचे उदाहरण सँडो यांचे. १८९७ साली बलसंवर्धनावर पुस्तक लिहिणारे आणि १९०४-०५ मध्ये हिंदुस्थानचा दौरा करणारे यूजेन सँडो मराठीत आज प्रामुख्याने 'सँडो बनियन' या बिनबाह्यांच्या वस्त्रात उरले आहेत. नाव टिकले, माहिती गळून पडली.

मराठीचे स्वतःचे असे एक साधन अद्याप फारसे वापरात आलेले नाही. ते म्हणजे ठणठणीत, खणखणीत, टुणटुणीत, धडधाकट, धट्टाकट्टा यांसारखे ध्वन्यनुकारी व अभ्यस्त शब्द. निर्दोष भांडे वाजविल्यावर जो नाद येतो तो 'ठणठणीत' प्रकृतीत ऐकू येतो. हे शब्द वस्तूची जात सांगत नाहीत, परंतु इष्ट स्थिती तत्काळ सुचवितात. मात्र तेथेही सावधगिरी हवी. त्याच नादाने 'ठणठणगोपाळ' हा शब्द रितेपणा दाखवितो, आणि 'टुणटुणीत' बहुधा वयोवृद्धांच्या कौतुकाने बोलला जातो.

७

सुचलेले नाव नाम म्हणून स्थिर झाले की नाही हे पाहण्याची एक कसोटी मराठी व्याकरणातच उपलब्ध आहे. सामान्यनामाला विभक्तिप्रत्यय लागताना त्याचे सामान्यरूप होते. विशेषनाम त्याला विरोध करते. 'तालीम' या सामान्यनामाचे 'तालमीत' असे रूप होते. याच नावाचे नियतकालिक निघाले आणि वाचक 'तालीममध्ये वाचले' असे म्हणू लागले, तर शब्द विशेषनाम झाला असे समजावे. 'लोकसत्ता' या दैनिकाविषयी 'लोकसत्तेत' आणि 'लोकसत्तामध्ये' अशी दोन्ही रूपे ऐकू येतात, ती याच संक्रमणाची निदर्शक आहेत. नाव निश्चित करण्यापूर्वी ते चारपाच विभक्तींतून बोलवून घ्यावे. तसेच ते रोमन लिपीत किती प्रकारांनी लिहिले जाईल हेही पाहावे. 'आरोग्य' या शब्दाचा आरंभ रोमन लिपीत एका अक्षराने करावा की दोन, या संदिग्धतेमुळे शोध घेणारा ग्राहक भलत्याच वस्तूकडे जाऊ शकतो.

या विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. जातिवाचक शब्द नावात न घालता नावाजवळ, उपशीर्षकात ठेवावा; म्हणजे बोध त्याच्याकडून होईल आणि वेगळेपण नावाकडे राहील. नाव असे असावे की त्यातून अर्थ सुचावा, परंतु तो संपू नये. आणि ज्या संख्येला वा अभिवचनाला शास्त्राचा आधार नाही ते नावात येऊ देऊ नये. पुस्तकातील चूक पुढील आवृत्तीत सुधारता येते. नावातील चूक ज्यांनी पुस्तक कधी उघडलेही नाही त्यांच्यापर्यंत पोहोचलेली असते.