कापाकापीशिवाय क्लासिक नाही!

जुनी गाडी रिस्टोअर करायची म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? चकाचक रंग, लखलखतं क्रोम आणि रविवारी सकाळी लोणावळ्यापर्यंत मस्त ड्राइव्ह! पण मंडळी, या सगळ्या ग्लॅमरच्या आधी एक काम असतं, अजिबात ग्लॅमरस नसलेलं. ग्राइंडर घेऊन आपली लाडकी गाडी कापायची!

आपल्या पद्मिनीचंच घ्या. १९६४ मध्ये कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून ‘फियाट ११०० डिलाइट’ या नावाने आलेली ही गाडी १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी निवृत्त झाली, तेव्हा भलेभले हळवे झाले. काहींनी तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली झोपलेली घरची गाडी पुन्हा बाहेर काढली.

माझ्या एका मित्राच्या बाबांनीही काढली. ठाण्यातल्या एका गॅरेजमध्ये मी ती पाहिली. वरून एकदम ठीकठाक! डेंटरचाचांनी दाराखालच्या पत्र्यावर लोहचुंबक फिरवलं. ते चिकटेचना. पत्र्याच्या जागी नुसती पुट्टी! ती खरवडली तर खाली ठिगळ, त्याखाली आणखी एक ठिगळ आणि त्याखाली... चहाच्या भुकटीसारखा गंज.

म्हणजे ठिगळ लावूनही गाडी सडली? उलट, ठिगळामुळे जास्त सडली. गंजक्या पत्र्यावर नवा पत्रा बसवला की दोन्हींच्या मधे फट राहते. पावसाचं पाणी त्यात शिरतं, लवकर वाळत नाही आणि गंज आतल्या आत पसरतो.

“इतकी वर्षं चाललीच ना? वरून रंग मारा,” बाबा म्हणाले.

“साहेब, हा पत्रा दिखाव्याचा नाही. गाडी यावरच उभी आहे,” चाचा शांतपणे म्हणाले.

मुद्दा बरोबर होता. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते, बॉडी हीच चासी. फ्लोअर आणि दारांखालच्या पोकळ पेट्या गाडीला ताठ ठेवतात. त्या कुजल्या की दारं नीट लागत नाहीत. धडक बसली तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

मग कापायचं किती? चाचांचा फंडा सोपा आहे. चमकणारा, निरोगी पत्रा लागेपर्यंत! पण त्याआधी बॅटरी काढायची आणि पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवायची. गाडीला खालून समतल आधार द्यायचा, दारांच्या चौकटीत पाइपचे आडवे टेके द्यायचे आणि एका वेळी एकच बाजू कापायची. नाहीतर बॉडी मधोमध बसते. नवा तुकडा जुन्यावर चढवायचा नाही, कडेला कड लावून जोडायचा. वेल्डिंगही सलग नाही. एक टाका इथे, एक तिथे, मधे थंड होऊ द्यायचं. नाहीतर उष्णतेने पत्रा वाकडा होतो. शेवटी झिंक प्रायमर, सांध्यांना सीलर आणि पोकळ भागात मेण किंवा गंजरोधक तेल. पाणी निचरण्याची भोकं मात्र मोकळीच हवीत.

खरा प्रश्न वेगळाच होता. बाबांनी विचारलं, “एवढं कापल्यावर ती माझी गाडी राहील का?” वरचं ठिगळ त्यांनी स्वतः उभं राहून मारून घेतलं होतं, मुलाच्या बारावीच्या वर्षी, पैसे जपून. चाचांनी तो तुकडा कापून त्यांच्या हातात दिला. “हे घरी ठेवा, साहेब. गाडीत नको.” बाबांनी तो वर्तमानपत्रात गुंडाळला आणि म्हणाले, “दुसरी बाजूही कापा.”

तेव्हा जुनी गाडी घ्यायचा विचार असेल तर शोरूमसारख्या चमकणाऱ्या रंगाला भुलू नका. पाच मिनिटं गुडघ्यांवर बसा आणि दारांखाली, चाकांच्या कमानींत, डिकीच्या मॅटखाली लोहचुंबक फिरवा. ते जिथे चिकटणार नाही, तिथे रंगाच्या आधी ग्राइंडरचा खर्च धरा!