नेम नेमका कुठे चुकतो? प्रतिकृती रिव्हॉल्व्हर आणि कुशल कारागिराचा शोध

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या (१८६१-६५) काळातील रिव्हॉल्व्हरची हुबेहूब प्रतिकृती विकत घ्यायची आणि सुटीच्या दिवशी नेमबाजीच्या मैदानावर ती काळ्या दारूने चालवायची, हा अमेरिका व युरोपातील अनेकांचा आवडीचा छंद आहे. मात्र नव्या कोऱ्या शस्त्राचा पहिला अनुभव बहुधा निराशेचा ठरतो. पंचवीस यार्डांवरील लक्ष्याच्या मध्यावर नेम धरावा आणि गोळी वीतभर वर लागावी, असे वारंवार घडते. मग सुरू होतो चांगल्या बंदूक कारागिराचा, म्हणजे गनस्मिथचा शोध. हा शोध वाटतो तितका सोपा नाही. शस्त्रातील दोष कोणता, हे कळल्याखेरीज तो सुरू करण्यातही अर्थ नाही.

प्रतिकृती आली कोठून?

सॅम्युअल कोल्ट यांना रिव्हॉल्व्हरचे अमेरिकी पेटंट १८३६ मध्ये मिळाले. त्यांच्या कंपनीची १८५१ ची 'नेव्ही' आणि १८६० ची 'आर्मी' ही मॉडेल्स, तसेच रेमिंग्टनचे रिव्हॉल्व्हर यादवी युद्धात मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. या युद्धाची शताब्दी जवळ येऊ लागली तशी १९५० च्या दशकाच्या अखेरीस या शस्त्रांना पुन्हा मागणी आली. ती पूर्ण केली इटलीतील ब्रेशिया परिसराने. शस्त्रनिर्मितीची शतकांची परंपरा असलेल्या या भागात अल्डो उबेर्ती यांनी १९५९ मध्ये कारखाना काढला. उबेर्ती आणि पिएत्ता ही या क्षेत्रातील आजची प्रमुख नावे तेथलीच आहेत.

ही रिव्हॉल्व्हर ठासणीच्या बंदुकीची भावंडे होत. फिरत्या चक्रीतील प्रत्येक कप्प्यात दारू भरायची, त्यावर शिशाची गोल गोळी दाबून बसवायची आणि मागील निपलवर केप चढवायची. तयार काडतूस येथे नसते. त्यामुळे प्रत्येक बाराची गुणवत्ता शस्त्राइतकीच भरणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते.

दोन दोष, दोन उपाय

'नेम लागत नाही' या तक्रारीत दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. गोळ्या एकमेकींजवळ, पण मध्यापासून दूर लागत असतील, तर दोष बहुधा नेम धरण्याच्या खुणांचा असतो. गोळ्या चहूकडे विखुरत असतील, तर दोष चक्रीत, नळीत किंवा भरण्याच्या पद्धतीत शोधावा लागतो.

पहिला दोष तुलनेने किरकोळ आहे. कोल्टच्या रचनेत मागची खूण म्हणजे घोड्यावरील लहानशी खाच, तर पुढची खूण म्हणजे नळीच्या टोकावरची बुटकी माशी. माशी बुटकी असल्यामुळे नळीचे तोंड वर राहते आणि गोळी उंच जाते. उपाय म्हणजे अधिक उंच माशी बसवणे. ती किती उंच हवी, हे साध्या त्रैराशिकाने काढता येते. दोन्ही खुणांमधील अंतर २५ सेंटिमीटर, लक्ष्य २३ मीटरवर आणि गोळी २० सेंटिमीटर वर लागत असेल, तर माशीची उंची दोन मिलिमीटरहून किंचित अधिक वाढवावी लागते. गोळी डावीकडे जात असेल, तर माशीही डावीकडेच सरकवायची असते. कुशल कारागिरासाठी हे काम फार मोठे नाही.

दुसरा दोष अधिक गुंतागुंतीचा आहे. अनेक प्रतिकृतींत चक्रीच्या कप्प्यांचा व्यास नळीतील खोबणींच्या व्यासापेक्षा कमी असतो. कप्प्यात शिरताना गोळी त्या मापाची होते आणि पुढे नळीत सैल पडते. खोबणींची पकड नीट न बसल्याने तिला हवी तशी फिरकी मिळत नाही. अशा वेळी सर्व कप्पे समान मापाने रुंद करून घ्यावे लागतात. याखेरीज घोडा ओढल्यावर प्रत्येक कप्पा नळीच्या रेषेत येतो का, चक्री जागच्या जागी हलते का, नळीच्या मागील मुखाचा उतार आणि पुढील कडा एकसारखी आहे का, हेही तपासावे लागते. कोल्टच्या रचनेत नळी एका पाचरीने सांगाड्याला जोडलेली असते. हा जोड सैल असेल, तर पाचर ठोकण्याच्या जोरानुसार नळीची बैठक बदलते आणि तिच्याबरोबर नेमही बदलतो.

कारागिराकडे जाण्यापूर्वी

खर्चात पडण्यापूर्वी काही प्रयोग मालकाला स्वतः करता येतात. हात वाळूच्या पिशवीवर टेकवून, दारूचे माप न बदलता, प्रत्येक कप्प्यातून किमान पाच बार स्वतंत्र कागदांवर काढावेत. एकाच कप्प्याच्या गोळ्या बाजूला जात असतील, तर दोष त्या कप्प्याचा. सगळ्याच विखुरत असतील, तर आधी दारूचे प्रमाण कमी करून पाहावे. कमी दारूने गोळी कप्प्यात खोल बसते. म्हणून अनेक नेमबाज मधली जागा चक्क गव्हाच्या रव्याने भरतात, त्यामुळे गोळी कप्प्याच्या तोंडाशी राहते. गोळी शुद्ध, मऊ शिशाची असावी आणि बसवताना तिची बारीक कड कातरली जावी इतकी घट्ट असावी. सैल गोळीमुळे नेम तर बिघडतोच, शिवाय शेजारच्या कप्प्यांतील दारू पेटण्याचा धोकाही असतो. आधुनिक धूरविरहित दारू या शस्त्रांत कदापि वापरू नये.

अनेकदा एवढ्यावरच प्रश्न सुटतो आणि कारागिराची गरज उरत नाही.

योग्य माणूस कसा ओळखावा?

आधुनिक पिस्तुले दुरुस्त करणारा प्रत्येक कारागीर हे काम स्वीकारत नाही. प्रतिकृतीची किंमत काहीशे डॉलर, तर कुशल हाताच्या काही तासांची मजुरी तिच्या जवळपास जाऊ शकते. शिवाय काळ्या दारूच्या शस्त्रांची जाण ही वेगळी विद्या आहे. म्हणून जाणकार दुकानांपेक्षा मैदानांवर चौकशी करतात. अमेरिकेत १९३३ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशनचे इंडियाना राज्यातील फ्रेंडशिप येथील मेळावे, तसेच १९५० पासूनच्या नॉर्थ-साउथ स्कर्मिश असोसिएशनच्या व्हर्जिनियातील स्पर्धा ही त्यासाठी योग्य ठिकाणे. तेथे सातत्याने चांगले गुण मिळवणाऱ्यांना 'तुमचे शस्त्र कोणी घडवले?' एवढे विचारणे पुरेसे असते.

चांगला कारागीर आधी छिद्रे पडलेले लक्ष्याचे कागद मागतो. कप्पे आणि नळी मोजून आकडे सांगतो, लेखी अंदाज देतो आणि सर्वांत कमी बदलाने सुरुवात करतो. काम संपल्यावर स्वतः बार काढून लक्ष्याचा कागद सोबत देतो. शस्त्र न पाहता सर्व भाग 'घासून देतो' म्हणणाऱ्यापासून दूर राहणे श्रेयस्कर. वाढवलेली माशी पुन्हा कमी करता येते, पण एकदा कातरलेले पोलाद परत येत नाही. पितळी सांगाड्याच्या प्रतिकृतीवर मोठा खर्च करण्यापूर्वीही दोनदा विचार करावा. अधिक दारूच्या सततच्या माऱ्याने असा सांगाडा सैल होत जातो.

स्पर्धेत उतरायचे असेल, तर नियम आधी वाचावेत. ठासणीच्या शस्त्रांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत प्रतिकृती मूळ शस्त्राशी मिळतीजुळती असावी लागते. नेम सुधारला, पण शस्त्रच अपात्र ठरले, असे व्हायला नको.

कायद्याची चौकट

अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय कायद्यानुसार केप लावून चालणाऱ्या अशा प्रतिकृती 'पुरातन' शस्त्रांत गणल्या जातात. राज्यांचे नियम मात्र वेगवेगळे आहेत. भारतात स्थिती निराळी आहे. कोकणातील शेतकऱ्याला पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक बाळगायची, तरी परवाना घ्यावा लागतो. शस्त्र कायदा १९५९ नुसार अग्निशस्त्रे बनवण्याच्या आणि विकण्याच्याच नव्हे, तर ती दुरुस्त करण्याच्या व्यवसायालाही परवाना आवश्यक आहे. दुरुस्त करूनही चालू शकणार नाहीत अशा जुन्या शस्त्रांना सवलत मिळते, चालत्या प्रतिकृतीला ती लागू होत नाही. म्हणून परदेशातील नातेवाइकांकडे असे रिव्हॉल्व्हर पाहून ते सोबत आणण्याचा मोह कोणी करू नये.

दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या या रचनेकडून आजच्या पिस्तुलाची अपेक्षा करणेही बरोबर नाही. मात्र संयमाने मोजमाप करणारा मालक आणि कमीत कमी धातू काढणारा कारागीर एकत्र आले, तर ती आपल्या काळाच्या लौकिकाला शोभेल असा नेम नक्कीच साधते.