जुनी ओम्नी ठेवावी की मोठी व्हॅन घ्यावी? गैरसमज आणि वस्तुस्थिती

बडोद्याहून चांपानेर-पावागड जेमतेम पन्नास किलोमीटर, एकतानगर नव्वदच्या आसपास. हिवाळ्यात शनिवारी निघावं, रात्री गाडीतच पथारी पसरावी आणि रविवारी परतावं, ही हौस इथल्या अनेक मराठी घरांत आहे. मग प्रश्न पडतो: दारातली जुनी ओम्नी किंवा ईको ठेवावी, की पंचवीस-तीस लाख मोजून फोर्स अर्बानियासारखी मोठी व्हॅन घेऊन ती सजवून घ्यावी? सल्ले भरपूर मिळतात, पण त्यांतले बरेच ऐकीव असतात.

गैरसमज : पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात.
वस्तुस्थिती : वयाची सरसकट बंदी दिल्ली परिसरातल्या न्यायालयीन आदेशांमुळे चर्चेत आली. गुजरातेत खासगी गाडीला ती लागू नाही. पंधरा वर्षांनी आरटीओत गाडी दाखवायची, ती तपासणीत उतरली की नोंदणी पाच वर्षांसाठी वाढते. चारचाकीसाठी या नूतनीकरणाचं शुल्क २०२२ पासून ५,००० रुपये आहे. वीस वर्षांपुढच्या गाडीला २०२५ पासून १०,००० रुपये पडतात. म्हणजे गाडीचं भवितव्य ठरवते तिची तब्येत.

गैरसमज : मागची सीट काढून पलंग ठोकला की कॅम्पर तयार.
वस्तुस्थिती : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाच्या मूळ रचनेपासून दूर जाणारा बदल परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. आरसी बुकात आसनसंख्या लिहिलेली असते. सीट काढली की कागद आणि गाडी जुळत नाहीत, आणि अपघात झाल्यास विम्याचा दावा अडू शकतो. खासगी कॅम्पर व्हॅन हा प्रकार कायद्याला मान्य आहे, पण गाडी तशी रीतसर मंजूर होऊन नोंदलेली हवी. हौशी माणसाने सीट जागेवर ठेवून मुक्कामाला पोचल्यावर सुटी फळी आणि गादी टाकावी. काहीही वेल्डिंग करू नये. निघताना फळी घट्ट बांधावी.

गैरसमज : एवढ्याशा गाडीत झोपणार कसं?
वस्तुस्थिती : ओम्नी ३.३७ मीटर लांब, ईको ३.६८ मीटर. दोन्हींत इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे लहान गाडीतही मागे बरीच जागा उरते. दोन माणसं नीट झोपतात, चौघं नाही. मुलांसाठी बाहेर तंबू लागतो. मात्र सीएनजीची टाकी मागे असेल तर झोपायची जागाच जाते. त्या टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करून घ्यावी लागते, हेही विसरू नये.

गैरसमज : जुना पत्रा जाड, म्हणून जुनी गाडी मजबूत.
वस्तुस्थिती : हा सगळ्यांत घातक समज. या व्हॅनना पुढे बॉनेटचं नाक जवळजवळ नसतंच. समोरून धडक बसली तर ती झेलायला चालकाच्या पायांपुढे फारसं काही उरत नाही. २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत एअरबॅग नसलेल्या ईकोला शून्य तारे मिळाले. १९८४ मध्ये आलेली ओम्नी २०१९ मध्ये थांबली ती सुरक्षेच्या आणि प्रदूषणाच्या नव्या निकषांमुळे. ब्राझीलमध्ये फोक्सवॅगनची लाडकी कोंबी व्हॅनही २०१३ च्या अखेरीस अशीच थांबली, कारण तिथे एअरबॅग आणि एबीएस सक्तीचे होणार होते. जास्तीच्या पैशांत खरोखर काही मिळत असेल तर ते हेच: एअरबॅग, एबीएस, घसरण रोखणारी यंत्रणा.

गैरसमज : जुनी गाडी म्हणजे बचतच.
वस्तुस्थिती : खरेदीत बचत होते, पण देखभालीत सूट मिळत नाही. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि सील त्यासाठी बनवलेले नव्हते, ते तपासून बदलावेत. सापुताऱ्याचा घाट भरलेल्या ओम्नीच्या ७९६ सीसी इंजिनाला दमवतो. रेडिएटर आणि ब्रेक आधी पाहून घ्यावेत.

गैरसमज : एसी लावून बंद गाडीत झोपलं की झालं.
वस्तुस्थिती : इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपणं जिवावर बेतू शकतं. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. गाडीत शेगडी पेटवणंही तितकंच धोक्याचं. एप्रिल-मे महिन्यांत बडोद्याचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पत्र्याखालचा मुक्काम टाळावाच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच खरा हंगाम.

मग निवड कशी करायची? वर्षात किती रात्री गाडीत काढणार, हे आधी मोजा. चार-सहा रात्री असतील, अंतर शंभर किलोमीटरच्या आत असेल, दिवसाउजेडी आणि बेताच्या वेगात जायचं असेल, तर नीट राखलेली जुनी व्हॅन पुरे. तेवढ्यासाठी कर्ज काढून मोठी गाडी आणण्याची गरज नाही. पण मुलाबाळांना घेऊन द्रुतगती मार्गाने वारंवार नाशिक-पुण्याकडे जायचं असेल, तर जुन्या व्हॅनचा मोह सोडा आणि सुरक्षित गाडी घ्या. फर्निचर, पडदे, सिंक नंतरही करता येतील. पैसे आधी ब्रेक, टायर, सीटबेल्ट आणि एअरबॅगवर खर्च करा.