सलाईन किती द्यायचं? बोटावरचा चिमटा आणि अनुमान

लातूरकरांना पाण्याचं मोल सांगायला नको. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा आपण एकेक घागर मोजून वापरली. नांदेड असो की लातूर, ऑपरेशन चालू असताना भूलतज्ज्ञासमोरही हाच प्रश्न असतो: सलाईन किती? कमी पडलं तर मूत्रपिंडांना रक्त पुरत नाही. जास्त झालं तर फुप्फुसात पाणी साचतं.

पूर्वी मानेच्या शिरेत नळी घालून दाब मोजण्यावर भिस्त असे. आता बोटाला लावलेला चिमटाही काही सांगतो. व्हेंटिलेटरच्या प्रत्येक श्वासागणिक हृदयाकडे परतणारं रक्त कमी-जास्त होतं. शरीरात द्रव कमी असेल, तर बोटातल्या नाडीची लाट जास्त हेलकावते. म्हणजे सलाईन दिलं, तर हृदय बहुधा जास्त रक्त पुढे ढकलेल.

न्यायदर्शनात आपण याला अनुमान म्हणतो: धूर दिसला, म्हणून अग्नी आहे. पण इथली व्याप्ती अटींवर टिकते. ठोके अनियमित असतील, रुग्ण स्वतः श्वास घेत असेल किंवा हात गार पडला असेल, तर ही खूण फसवते. शिवाय, हृदय पाणी पेलेल म्हणजे शरीराला ते हवंच आहे, असं सिद्ध होत नाही. तो निर्णय यंत्राचा नाही. रुग्णाच्या उशाशी उभ्या माणसाचा आहे.